चौथीचा नकाशा

पडदा नाही, प्रोजेक्टर भिंतीवरच लावतो.
दूध संस्थेनं दिलाय, दिवाळीच्या फरकातून.
दोनदा चुना मारला तरी
भिंतीवर पुराची रेघ वर येतेच,
माझ्या छातीएवढी. पोरांच्या डोक्यावरून.

आज भूगोल. शिरोळ तालुका, उपग्रहातून.
रेंज फक्त खिडकीत,
म्हणून माझा मोबाईल धरून
पार्श्व मगदूम तिथं उभा, हलायचं नाही या अटीवर.
पंचगंगा आली. मग फिरत्या चकतीआडून
तुकड्या-तुकड्यानं गाव.

"सर, ती आमची हीर!"
"ह्यो आमचा ऊस, तुटला न्हाई अजून!"
"आमची म्हस दिसंना की वो."
प्रमाण, दिशा, खुणा,
मी काढलेलं टाचण कालव्यात बुडालं.

तमन्ना जमादार न विचारता उठली.
भिंतीपाशी जाऊन
एका तांबूस चौकोनावर बोट टेकवलं.
"ह्ये आमचं घर. पयलं."

वर्ग गप्प.
ते घर पाण्यात बसलं, जोतं तेवढं उरलं.
उपग्रहाला अजून कळलेलं नाही.

मी सांगू लागलो, चित्र जुनं असतं,
कधीतरी नवं येतं...
"कवा येतंय?"
"ते आपल्या हातात नसतं, बाळ."
तिच्या नखावर कौलं पडली होती,
मनगटावर गोठा.
ती हात हलवत नव्हती.

घंटा झाली. कोणी उठेना.
खिडकीतून पार्श्व म्हणाला,
"सर, बॅटरी चार टक्के."
"असू दे," म्हटलं,
"धर तसाच."