ताण

"आंधी पाणी पाज," म्हणाली पंचफुलाबाई,
"रातभर टाक्यात बुडू दे सारं कापड.
ज्याले आकसाचं हाय, ते आताच आकसू दे.
मंग तक्रार नको."

मी सावलीत वाळत घातलं:
जिनिंगच्या गणवेशाचा विटका निळा,
दोन धोतरांचं अस्तर,
हळदीचा डाग पडलेलं एक लुगडं.

सारवलेल्या ओसरीवर अस्तर पसरलं.
चार कोपऱ्यांवर ओझी ठेवली,
पाटा, वरवंटा, पायलीचं माप,
आणि चौथ्यावर शेजारची सोनी,
हलू नको म्हणून बजावलेली.

टाचण्या गंजतात. ती बाभळीचे काटे वापरते,
पांढरे, वाळलेले, तंबाखूच्या डबीत जपलेले.
टाचायचं ते मधून बाहेर.
बाहेरून आत आलीस तर
सगळी चूण मधोमध येऊन बसते,
धुऱ्याच्या भांडणासारखी.

मला अडाण नदी काढायची होती,
पुलाजवळचं तिचं वळण.
वळण म्हणजे तिरपा काप,
आणि तिरपं कापड कुणाचंच ऐकत नाही,
धरलं की लांबतं,
सोडलं की त्याला आठवत नाही
आपण केवढे होतो.

तिने ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली,
नदीला पाठीमागून माखली,
त्यावर जुना पेपर डकवला.
तुरीचे भाव, कसलीशी निविदा,
कुणाच्या तेरवीचा फोटो.
त्यांच्या आधाराने नदी दोन दिवस ताठ राहिली.

तरी पुलाखाली माझा दोरा चिडला.
त्या दुपारी घरी कटकट झाली होती,
का, ते सांगत नाही.
पंधरा टाके आवळून घातले.
काठ उचलला गेला,
पाण्याला टेंगूळ आलं.

तिने पाहिलंही नाही.
तळहात फिरवला, तिथेच थांबली.
"इथं कोणाशी भांडत होती वं?"
आणि कात्री माझ्याच हातात दिली.
"दोरा पोहचला पाह्यजे, बस.
गळा आवळाले तो काई चोर नाई."

उसवलेल्या भोकांवर नख घासलं,
बोटाने थेंबभर पाणी लावलं.
धागे सरकले आपापल्या जागी.
यावेळी डावा हात खाली सपाट ठेवला,
सुई टोचली की कळावी इतकाच.
कापड नाही फिरवलं. मीच फिरले,
गुडघ्यांवर, या काठावरून त्या काठावर.

शेवटी कागद ओला करून सोलला.
तुरीच्या भावाचा एक तुकडा आत राहिला,
टाक्यांच्या दाटीत.
दिसत नाही. दाबलं की कुरकुरतो.

अमरावतीच्या प्रदर्शनात वाकळ उभी टांगली,
वरच्या नेफ्यात वेळूची काठी घालून.
पंचफुलाबाई लांबूनच बघत होती,
कोपऱ्याला कोपरा, खालच्या काठाला फरशीची रेघ.
बोटभरही ढळली नव्हती.

समोर थांबणारी माणसं मात्र
वळणापाशी आली की
मान थोडी डावीकडे कलवत होती.