चूक, पान सत्तेचाळीस

मंडईची रात्र. दिवसा इथेच शंकरपट झाला,
बैलांच्या खुरांनी उकरलेल्या बांधीत
आता खड्डा खणून नाटकाचा मंडप.
खुर्ची दोनशे, गादी दीडशे, तणसीवर ऐंशी,
आंब्यावर चढलेल्या पोरांना फुकट.
कनातीच्या आत येतानाच
माणूस कोण ते तिकिटावर लिहिलेलं असतं.

मी विंगेत. पारबता मिसार, प्रॉम्प्टर.
पोस्टरवर नाव नाही.
गुडघ्यावर वही, वहीवर बॅटरी.

नाटक जुनं. कंपन्या बदलल्या, पडदे बदलले, ते तेच:
मालगुजाराची हरवलेली लेक
ढिवराच्या झोपडीत वाढते,
सोळा वर्षांनी खांद्यावरच्या खुणेनं सापडते,
आणि मग दोन अंकभर एक मास्तर
छडी घेऊन तिची जीभ सरळ करतो.
कारी माती नव्हे. काळी.
पानी नव्हे. पाणी.
रक्त मालगुजाराचं निघालं म्हणून काय झालं,
जीभ ढिवराचीच निघाली.

भूमिकेला पुण्याची मुलगी, सीझनभराच्या करारावर.
नाव मृण्मयी. मला म्हणता आलं नाही.
मुनमई म्हणाले. ती हसली नाही, एवढं तिचं चांगलं.
अर्थ विचारला, तर म्हणाली, मातीची.
कोणत्या, ते मी विचारलं नाही.

तिला पहिला अंक येईना.
पुढचे सहज यायचे, ते तिच्या घरचेच.
म्हणून वडशाच्या खोलीवर, दुपारभर,
मी मास्तर झाले, उलट्या दिशेचा.
काळी नव्हे, कारी. डोळा नव्हे, डोरा.
ती लिहून घ्यायची,
जीभ टाळूपासून सोडवायची, पुन्हा चुकायची,
आणि मी तिच्या पुड्यातली बिस्किटं खात
पहिल्यांदाच पाहात होते
की माझं बोलणं कुणाला कठीण जातं.

पहिल्या अंकाला खुर्च्या हसल्या, गाद्या हसल्या.
तणसही हसली, आपल्याच शब्दांवर,
पदर तोंडाला लावून. दर रात्री हसते.
लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून
मीही हसले होते, सावरगावला.

मग पहाटेचे चार. शेवटचा अंक. दव पडलेलं,
अर्धे लोक झोपलेले.
दोन बाजूंना दोन बाप, मधे ती,
आणि ती विसरली.
पान सत्तेचाळीस. वाक्य समोर होतं:
माझं घर कोणतं, हेच मला कळत नाही.
बॅटरी मिणमिणली की मला डुलकी लागली,
सांगता येत नाही. ओठांतून गेलं ते असं:
मावा घर कोनता, मलेच नाई समजत.

तिनं ते तसंच उचललं, मोठ्यानं म्हटलं.
अंगावर शालू, सरळ केलेली जीभ, आणि हे.
कुणी हसलं नाही.
तणसीतून एक म्हातारी एवढंच बोलली,
"हाव ना, माय."

सकाळी हिशेबात मालकानं शंभर कापले.
म्हणाला, पारबताबाई, उद्यापासून तसंच ठेवा,
पब्लिकला लागलं ते.
शंभर मात्र परत दिले नाहीत. चूक ती चूक.

वहीत बदल करायला पेन घेतलं.
जुन्या ओळीवर काट मारली. वर जागा थोडी.
मावा, एवढं लिहिलं आणि अडले.
नाई की नाइ? मलेच की मले च?
कुणाला विचारणार?
आजवर हे शब्द कागदावर आले
ते लाल शाईच्या गोलात.
बाहेर टेम्पोत पडदे चढत होते,
मृण्मयी हाका मारत होती, "काकू, चला ना,"
आणि मी पेनाचं टोपण दातांत धरून
माय हे कसं म्हणायची, ते आठवत बसले.