टाकी

घर घेतलं, त्याबरोबर टाकीही आली.
मागच्या अंगणात, आडवी, पांढरीफटक,
पाचशे गॅलनचं पोट घेऊन.

व्हरमाँटमध्ये हे चालतं, म्हणे.
शेजारच्या अर्लने तर आपल्या टाकीचा मासा केलाय:
ठिपके, कल्ले,
टोकाला बोटभर हसू.

निरंजनला मासा नको होता.
त्याने तीन बाजूंनी जाळी ठोकली,
कंपनीच्या पत्रातलं अंतर दोनदा मोजून.
मी जाळीवर घेवडा सोडला.
जुलैभर पाहुण्यांना सांगितलं,
मागे काही नाही, घेवडा आहे.

आई ओट्याखालच्या सिलिंडरला परकर शिवायची,
जुन्या पातळाचा, खाली झालर.
लाल लाल काय बघायचं सारखं, म्हणायची.
आणि गॅस संपत आला की
परकर फेडून त्याला आडवा पाडायची,
अजून चार भाकऱ्या काढायची त्यातून.

जानेवारीत घेवड्याच्या काड्या झाल्या.
मग तीन दिवस बर्फ.
जाळी गेली, टाकी गेली, अर्लचा मासा गेला.
असं झाकणं आम्हाला जमलं नव्हतं.

गॅसची गाडी रस्त्यावर थांबली.
"कुठे आहे?" ड्वेनने विचारलं.
मी फावडं घेऊन अंदाजाने खणत गेले.
झाकण सापडलं. काटा बारावर.

हातमोजा काढून
टाकीवर थाप मारली, उगाच,
आईसारखा कान लावून.
पोकळ.

ड्वेन नळी ओढत येईपर्यंत
तिथेच उभी राहिले,
भुरभुरत्या बर्फात
काट्यावर तळहात धरून.