टवका

सेलूचा गौस तांबोळी, जिंतूरचा प्रल्हाद कोरडे,
एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.
अकरा दिवस झाले,
पिंपळटाकळीच्या बारवेवरचं एक वाक्य
हा लिहितो, तो पुसतो.
परभणीच्या दवाखान्यात रात्रपाळीला
सलाईन बदलून आले की मी बघते:
पुन्हा उलटवलेलं.

गौस म्हणतो, किल्लेदारानं बांधली.
प्रल्हाद म्हणतो, छट्, तेलिणीनं, स्वतःच्या पैशानं.
पुरावा दोघांचा एकच:
सगळं गाव सांगतं.

चर्चापानावर मी एवढंच विचारलं,
दगडावरचं कुणी वाचलंय का?

दोन दिवस सामसूम.

रविवारी प्रल्हादनं फोटो चढवला.
शेवाळलेली पायरी, कडेला त्याची एक चप्पल,
शिलालेखावर चोळलेलं ज्वारीचं पीठ.
अक्षरं वर आलेली:
शक, महिना, वाटसरूंना पाणी.
आणि नाव असायचं तिथं
वितीएवढा टवका उडालेला.

खाली गौस, पहाटे सव्वातीनला:
"पीठ कामून नासलं भाऊ,
खडू नव्हता का?"

मग त्यानंच लिहिलं:
बांधणाऱ्याचे नाव तुटले आहे त्यामुळे वाचता येत नाही.

प्रल्हादनं मध्ये
एक स्वल्पविराम घातला.

गौसनं तो राहू दिला.