सरकलेली खूण

डुलुथ. गॅरेजात उणे अकरा.
पुठ्ठ्यावर उताणा ऑर्व्हिल, वर जुनी ओल्ड्समोबिल.
"टॉर्च बोल्टावर धर, मार्लिस, बापाच्या डोळ्यांत नको."

पुलरखाली करकरत बॅलन्सर सुटला.
दोन कड्यांमधलं रबर शिळ्या भाकरीसारखं भेगाळलेलं;
बाहेरचं कडं कधीच सरकलेलं,
आणि त्यावरची टायमिंगची खूण
किती हिवाळे बिनदिक्कत खोटं सांगत होती.
"अन् मी बापडा कार्ब्युरेटरला शिव्या घालतोय!"

नवा बसवताना त्याचा हात थरथरला,
थँक्सगिव्हिंगपासून थरथरतो तसा.
मार्लिसनं न बोलता पाना काढून घेतला.

इंजिन लागलं. फेंडरवर ठेवलेल्या कॉफीत
एक वलय नाही.

ऑर्व्हिलनं कप उचलला.
कॉफी बोटांवर हिंदकळली.
दोघंही इंजिनाकडेच बघत राहिले.