किती झाले

हळदीच्या गोदामावरचा पहिला मजला.
खिडक्या बंद ठेवल्या तरी
आरशाच्या कडेला पिवळी रेघ साठतेच.
पहाटे पावणेपाचला मी शटर उचलतो.
दिवसभरात मी स्वतः उचललेलं
तेवढंच वजन.

बाकी नुसता मोजतो.
एक, दोन, पाठ सरळ, तीन, श्वास सोडा, चार.
घरी बायको चपात्या लाटते,
माझ्या ओठांत अकरा, बारा.
ती म्हणते, अहो, मला तरी सुट्टी द्या.

जिन्यात माझा फ्लेक्स आहे, चार वर्षांपूर्वीचा,
पोटावर सहा कप्पे.
नवी पोरं त्याच्याकडं बघतात, मग माझ्याकडं,
विचारतात, हे सर कधी असतात?
मी सांगतो, संध्याकाळच्या बॅचला.

रात्री साडेदहानंतर ताटांचे फोटो येतात.
सर, भडंग चालेल का?
सर, लग्नात आहे, एकच गुलाबजाम?
मालकांचा मेसेज वेगळा:
बिरूदेव, या महिन्यात सहाच डबे प्रोटीन?
मी सगळ्यांना अंगठा पाठवतो
आणि छताकडं बघत पडतो.

आप्पा खालीच हमाल होते, एकतीस वर्षं.
एकदा वर आले, बाकावर टेकले,
बराच वेळ बघत राहिले.
हे एवढं उचलून नेतात कुठं?
कुठं नाही आप्पा. परत तिथंच ठेवतात.
आणि पैसे कोण कुणाला देतं?
मी सांगितलं.
जिना उतरेपर्यंत हसत होते,
एक हात मणक्यावर.

परवा सातच्या बॅचला
मगदूम काकू प्लँकमध्ये, कोपरं थरथरत,
आणि माझा आकडाच गेला.
सदतीस होता, की सत्तावीस.
पंखा फिरतोय, गाणं वाजतंय,
तोंड उघडं, आकडा नाही.
सर, किती झाले?
ठाऊक नाही हो. बसा खाली.
मीही बसलो,
मॅटवरच्या ओल्या ठशाशेजारी.
काकूंनी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला,
मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.
चालेल का, विचारलं नाही.

तेव्हापासून दुपारी दोन ते चार
फोन मीटरच्या पेटीत ठेवतो
आणि कृष्णेच्या घाटावर जातो.
पायऱ्या मोजायच्या नाहीत, असं ठरवलंय.
सोळापर्यंत मोजल्याच जातात.
मग कुणीतरी म्हैस धुवायला आणतं,
मी चुकतो,
आणि तिथंच बसून राहतो.