बोट

मॅनसच्या उजव्या हाताला तीन बोटं.
करंगळी आणि तिच्या शेजारचं
विंचने नेलं, एका फेब्रुवारीत,
बांगड्यांनी भरलेल्या जाळ्यासकट.
तो एवढंच सांगतो, त्या दिवशी भाव बरा होता.

मी त्याची मुलगी. किलीबेग्जच्या धक्क्यावर
मासळीच्या कारखान्यात असते.
माझा ओरन साडेतीन वर्षांचा,
आणि त्याच्याकडे एकच आ :
दुधाला आ, कुत्र्याला आ,
मी कामाला निघाले की लांबलेला आ.

दर मंगळवारी ब्रोना येते, डोंगर ओलांडून.
तिच्या डिकीत ओलीने फुगलेलं खोकं,
खोक्यात चित्रं : कप. बूट. आणखी. दुखतंय. संपलं.
पाठीला वेल्क्रो. उपटताना चर्रकन आवाज येतो.
ओरनला चित्रांआधी तो आवाज आवडला.
फ्रिजवर पट्टी लावली.
पहिला आठवडाभर त्याने 'संपलं' चावून पाहिलं.

बोला, आणि बोलतानाच खूण करा, ब्रोना म्हणाली,
सगळ्या वाक्याची नको, कळीच्या शब्दाची तेवढी.
मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा.
हेच अवघड. आमच्या घरात
जो थांबला त्याला बटाटे उरत नाहीत.

शेजारची नूला म्हणाली, हातवारे शिकवाल
तर जीभ आळसावेल पोराची.
मॅनस काही बोलला नाही. तसाही बोलत नाही.
चाळीस वर्षं इंजिनाच्या धडधडीत गेली,
डेकवर सगळं हातानंच :
सोड. ओढ. थांब. माणूस पाण्यात.
त्याने चष्मा लावला आणि ब्रोनाचे कागद
भरतीचं कोष्टक वाचावं तसे वाचले.

बोटीची खूण सोपी :
दोन तळवे, करंगळीला करंगळी लावून,
लाटेवरून पुढे.
मॅनसने केली तेव्हा तळाशी भोक राहिलं.
खालून डोकावून म्हणाला, हिच्यात पाणी शिरणार.
तरी नेली,
टेबलावरून, लोण्याच्या बशीला वळसा घालून,
ओरनच्या छातीपर्यंत.

तेरा आठवडे काही नाही.
मग एकदा जेवताना, बाहेर दिवे लागत होते,
ओरनने उजवा हात वर घेतला
आणि डाव्या हाताने त्याची शेवटची दोन बोटं
दाबून दाबून दुमडली.
ती उसळून वर येत. तो पुन्हा दुमडे.
जमलं तेव्हा तळवे जुळवले, आणि बोट निघाली,
तळाला भोक असलेली, थेट आजोबाकडे.

ब्रोनाने मंगळवारी पाहिलं.
त्याची करंगळी सरळ करायला हात पुढे केला,
मग तिची नजर मॅनसच्या हाताकडे गेली.
हात मागे घेतला.
वहीत लिहिलं : बोट, स्वतःहून.
त्याखाली बारीक अक्षरात : स्थानिक उच्चार.

आता बालवर्गात त्याच्या टेबलावरची तिघं
बोटं दुमडूनच बोट करतात.

ऑक्टोबरात मॅनसला छातीसाठी
लेटरकेनीच्या इस्पितळात ठेवलं.
तेव्हा लक्षात आलं, फ्रिजवर त्याचं चित्रच नाही.
जो कायम खुर्चीत असतो
त्याचं चित्र कोण काढून ठेवतं?
तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते.
मागे चर्रकन आवाज. पुन्हा एकदा चर्र.
ओरनने माझ्या ओल्या हातात दोन चित्रं ठेवली :
बोट. आणखी.
आणि थांबला.
असा थांबला, जसं मला कधीच जमलं नाही.
दोन बोटं दुमडलेली, डोळे माझ्या तोंडावर,
जणू दहापर्यंत मोजतोय माझ्यासाठी.
मग ओठ मिटले, फुगले, सुटले :
बो.

शेवटचा ट नव्हता.
आमच्या घराण्यात शेवटचं थोडं नसतंच.
नळ वाहत ठेवून मी किल्ल्या शोधू लागले.